आधी वर यायची वाट

मी विहिरीत पोहायला शिकलो तेव्हा पाठीला झाळून बंद केलेला पत्र्याचा डबा होता आणि काठावर दोर धरून उभे काका. "पाण्याले भिऊ नको. पह्यले वर याची वाट पाह्यजो, मंग उतरजो," हा त्यांचा पहिला धडा. आता गावातल्या पोरांचं लक्ष विहिरीपेक्षा शेततळ्याकडे जास्त असतं, आणि तिथे हा धडा दुप्पट लागू आहे.

2016 साली 'मागेल त्याला शेततळे' योजना आली. त्यातलं मोठं तळं 30 बाय 30 मीटर, खोली 3 मीटर. पाणी मुरू नये म्हणून बऱ्याच तळ्यांत आतून जाड पन्नी अंथरलेली असते. उन्हाळ्यात पाहावं तर पाणी निळंशार, ना ओढ ना भोवरा. फसगत होते ती इथेच. काठ उतरता असतो आणि ओल्या पन्नीवर शेवाळाचा पातळ थर धरतो. पाय टेकवला की सटकतो, हाताला धरायला काही लागत नाही, आणि वर चढायची धडपड करावी तसा माणूस पुन्हा पाण्यात येतो. पट्टीचा पोहणाराही काठाशी येऊनच दमतो.

उपाय खर्चिक नाही. बांधावर मजबूत खुंट रोवून गाठी मारलेला जाड दोर चारही बाजूंनी पाण्यात सोडून ठेवायचा. जुने टायर एकाला एक बांधून केलेली शिडी त्याहून बरी. यातलं काहीच नसेल, तर भर मे महिन्यातही त्या तळ्यात उतरायचं नाही.

नदीची गोष्ट निराळी. पूर्णेत उन्हाळ्यात गुडघाभर पाण्यातून चालताना वाळू उपसलेला खड्डा अचानक लागतो. वरून कळत नाही. मोर्शीजवळच्या अप्पर वर्धा धरणाला 13 दरवाजे आहेत. ते उघडले की खाली वर्धेचं पात्र बघता बघता भरतं, भले तुमच्या गावात थेंब पडला नसेल. आणि धरणाच्या फुगवट्यात पोहावं, तर पाण्याखाली बाभळीची खुंटं आणि मासेमारीची जाळी. मला विचाराल तर पावसाळ्यात नदी आणि धरण दोन्ही काठावरूनच बघावीत.

फ्रान्समध्ये पोहण्यासाठी खुल्या केलेल्या गावाकडच्या तलावात हंगामभर पाण्यातले जंतू तपासतात, पोहण्याची हद्द आखलेली असते. जिथे जीवरक्षक बसतो, तिथे हिरवा, पिवळा किंवा लाल झेंडा लागतो. आपल्या तळ्यावर झेंडा लावायला कोणी येत नाही. तेव्हा पोहणं आधी तरणतलावात शिकावं. अमरावतीत 1914 पासूनच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचा तलाव आहेच. पण तिथला सराव घट्ट कठड्याचा असतो, हे शेततळ्यावर विसरू नये. एकट्याने जायचं नाही, पाण्याचा तळ माहीत नसेल तिथे सूर मारायचा नाही.

कोणी बुडू लागलं तर मागोमाग उडी टाकू नका. बुडणारा सिनेमातल्यासारखा ओरडत नाही. तोंड पाण्यावर ठेवण्यातच त्याचा दम संपतो, आणि जवळ गेलेल्याला तो घट्ट मिठी मारतो. एकामागे एक दोघंतिघं जातात ते असेच. काठावर आडवं पडून दुपट्टा, काठी, जे हाती लागेल ते पुढे करा. त्याहून सोपं म्हणजे तेलाची पाच लिटरची रिकामी कॅन. झाकण घट्ट लावायचं, मुठीला लांब दोर बांधायचा, आत घोटभर पाणी ठेवायचं, म्हणजे फेकताना वाऱ्याने भरकटत नाही. कॅन त्याच्या पलीकडे टाकून दोर त्याच्या हाताशी येईल असा ओढायचा. आमच्या बांधावरच्या बाभळीला अशी एक बारा महिने टांगलेली असते.