कोलंबोत जिंकलेलं पुणं

चऱ्होली बुद्रुकला आमच्या इमारतीमागे एक मोकळा प्लॉट आहे. चारी बाजूंनी पत्रे ठोकून झाले, भली मोठी पाटी लागली, पाटीवरचा रंगही उडाला. खोदकाम काही सुरू झालं नाही. मग दोन पत्रे वाकवून पोरांनी आत जायची वाट केली. एरवी तिथं टेनिसबॉल क्रिकेट चालतं. गेल्या हिवाळ्यापासून मात्र रविवारी सकाळी, आसपास खोल्या घेऊन राहणारी इंजिनिअरिंगची आठ-दहा मुलं एक तपकिरी, दोन्ही टोकांना निमुळता चेंडू घेऊन येतात. एकजण वाकून पायांमधून चेंडू मागे देतो, दुसरा तो कानाजवळ धरून लांब फेकतो, आणि तिसरा झेलून पत्र्यांच्या दिशेनं सुसाट सुटतो.

शेजारचे आप्पा हे सगळं बांधावर उभं राहून बघत होते. त्यांच्या दावणीला कधीकाळी बैलगाडा शर्यतीच्या घाटात पळणारी बैलं होती. मुलांनी त्यांना नियम सांगितला: चेंडू ज्यांच्याकडे, त्यांना चार संधी. चार संधींत दहा यार्ड पुढं सरकलं की पुन्हा नव्या चार. नाही सरकलं तर बहुधा चेंडू समोरच्यांना मिळतो. आप्पांनी हिशेब केला. "दहा यार्ड म्हणजे तीस फूट. तीस फुटांसाठी एवढी झटापट? आमची बारी तेवढ्यात घाट चढून जायची."

हे अगदीच चुकीचं नाही. अमेरिकन फुटबॉलचा व्यावसायिक सामना तीन तास चालतो, आणि त्यात चेंडू प्रत्यक्ष खेळता असतो तो सुमारे ११ मिनिटं. बाकी सगळी जुळवाजुळव. दहा-पंधरा सेकंदांच्या बारीसाठी अख्खा दिवस उन्हात उभं राहणाऱ्या आमच्या पट्ट्याला याचं नवल वाटू नये.

मी मुलांना विचारलं, "अरे, या खेळात पुणं एकदा चॅम्पियन झालं होतं, माहीत आहे का?" मुलं हसली. काकांची गंमत असावी, असं त्यांना वाटलं.

गंमत नव्हती. ऑगस्ट २०११ मध्ये 'एलिट फुटबॉल लीग ऑफ इंडिया' नावाची व्यावसायिक अमेरिकन फुटबॉल लीग जाहीर झाली. पैसा आणि नावं अमेरिकेतली होती. १९८५च्या हंगामात शिकागो बेअर्सना सुपर बोल जिंकून देणारे प्रशिक्षक माईक डिटका, एके काळी आयोवातल्या किराणा दुकानात रात्रपाळीला फळ्यांवर माल लावणारा आणि पुढं सुपर बोलचा मानकरी ठरलेला कर्ट वॉर्नर, माजी खेळाडू मायकेल अर्विन आणि रॉन जॉवोर्स्की, भारतीय वंशाच्या वडिलांचा मुलगा ब्रँडन चिलार, आणि नट मार्क वॉलबर्ग. शहरांच्या नावानं संघ झाले: दिल्ली डिफेंडर्स, मुंबई ग्लॅडिएटर्स, हैदराबाद स्कायकिंग्ज, कोलकाता व्हायपर्स, बंगलोर वॉरहॉक्स, शिवाय श्रीलंकेतला कोलंबो लायन्स. आपल्या वाट्याला आले 'पुणे मराठाज'. मराठ्यांना इंग्रजी अनेकवचन लावायचं धाडस औरंगजेबालाही झालं नसतं, पण ते असो.

खेळाडू रग्बी, ॲथलेटिक्स, कबड्डी अशा खेळांतून उचलले. धावण्याचा वेग, दंडातली ताकद आणि अंगावर येणाऱ्याला न घाबरणं एवढी शिदोरी त्यांच्यापाशी होती. बाकीचं सगळं, म्हणजे हेल्मेटच्या जाळीतून बघायला शिकण्यापासून, नव्यानं शिकायचं होतं. पहिल्या हंगामाचे सामने २०१२ साली कोलंबोच्या सुगथदास स्टेडियमवर खेळवून चित्रित केले गेले आणि नंतर टेन स्पोर्ट्सवरून दाखवले गेले. अंतिम सामन्यात पुणे मराठाजनी दिल्ली डिफेंडर्सना ६-० असं हरवलं. या खेळात एका टचडाऊनचेच गुण सहा असतात. तेवढ्यावर विजेतेपदाचा निकाल लागला, म्हणजे दोन्हीकडची बचावफळी काय ताकदीची असेल याचा अंदाज करावा. दिल्लीला शेवटपर्यंत एकही गुण मिळू दिला नाही, ही गोष्ट एरवी पुण्यात पाटी लावून सांगितली गेली असती.

मी त्या काळात रोज नाशिक फाट्यावरून चाकणला कामाला जायचो. पेपर रोज वाचायचो, खेळाचं पान आधी. मला या विजेतेपदाचा पत्ता लागला तो कितीतरी वर्षांनी. पुण्याच्या नावाचा संघ परक्या देशात, बहुतेक रिकाम्या आसनांपुढं जिंकला, आणि घरी आला तेव्हा त्याला ओवाळायला दारात कोणी नव्हतं. बालेवाडीचं संकुल १९९४च्या राष्ट्रीय स्पर्धांसाठी उभारलेलं, २००८च्या राष्ट्रकुल युवा स्पर्धा पाहिलेलं. विजेत्या संघाचा हंगाम तिथं झाला असता तर निदान वाकड-बाणेरची चार घरं तरी बघायला गेली असती.

अमेरिकेत हा खेळ उलट्या वाटेनं वाढला. आधी गर्दी, मग लीग, सगळ्यात शेवटी टीव्ही. आणि गर्दी होती ती कॉलेजांची. ६ नोव्हेंबर १८६९ रोजी न्यू जर्सीतल्या न्यू ब्रुन्सविकला रटगर्स आणि प्रिन्स्टन या दोन कॉलेजांत एका बाजूला पंचवीस-पंचवीस मुलं घेऊन सामना झाला, रटगर्सनं तो ६-४ असा जिंकला. तोच पहिला सामना मानतात. (न्यू ब्रुन्सविकपासून नदी ओलांडली की एडिसन. तिथं भाकरीच्या पिठापासून मेतकुटापर्यंत सगळं मिळतं. आपल्या कित्येक वाचकांचे मुलगे-सुना तिकडेच असतील.) तेव्हा चेंडू हातात घेऊन पळायची परवानगी नव्हती. तो सगळा प्रकार सॉकर आणि दंगा यांच्या मधला होता.

त्याला आजचं रूप दिलं येल विद्यापीठाच्या वॉल्टर कँपनं. १८८० साली त्यानं दोन संघांना समोरासमोर एका रेषेवर उभं केलं आणि बाजूला अकरा खेळाडू ठरवले. यातून नवंच दुखणं उपटलं. एकदा चेंडू मिळाला की संघ तो सोडीचनात. येल आणि प्रिन्स्टन यांच्यातल्या एका सामन्यात एकेक संघ अर्धा-अर्धा खेळ चेंडू नुसता कवटाळून बसला. त्यावर १८८२ मध्ये तीन संधींत पाच यार्डांचा नियम आला. पुढं पाचाचे दहा झाले आणि १९१२ मध्ये तिनाच्या चार संधी.

कबड्डी बघणाऱ्याला हे ओळखीचं वाटेल. आपल्याकडेही चढाईपटू नुसता मध्यरेषेपलीकडे जाऊन श्वास मोजून परत यायचा आणि आघाडीवरचा संघ वेळ काढायचा. प्रो कबड्डीनं इलाज केला तो असाच: दोन चढाया कोऱ्या गेल्या की तिसरीत गुण घ्या, नाही तर बाद व्हा. सव्वाशेहून अधिक वर्षांच्या अंतरानं दोन देशांनी एकाच रोगाला एकच मात्रा दिली. दोन्हीकडे नियम करणाऱ्यांना एकमेकांची खबर असेल असं मला वाटत नाही. दमदाटीच्या खेळात आळस शिरला की औषध बहुधा हेच निघत असावं.

कॉलेजांनी हा खेळ वाढवला तसा जवळजवळ मारलाही. १९०५च्या हंगामात किमान अठरा मुलं मैदानावर किंवा मैदानातल्या दुखापतींनी दगावली. अध्यक्ष थिओडोर रूझवेल्टचा मुलगा तेव्हा हार्वर्डच्या नवख्या संघात खेळत होता. रूझवेल्टनं हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टनच्या माणसांना व्हाइट हाउसवर बोलावून खेळ सुधारा म्हणून सांगितलं. पुढच्याच वर्षी चेंडू पुढं फेकायला मुभा मिळाली आणि ढिगाऱ्यातली चेंगराचेंगरी कमी व्हायला सुरुवात झाली. आमच्या प्लॉटवरचा मुलगा कानाजवळून जो चेंडू फेकतो, त्याच्यामागे हा इतिहास आहे.

आजचा कॉलेजचा हंगाम म्हणजे बारा साखळी सामने, बहुतेक शनिवारी, ऑगस्टच्या शेवटापासून थंडी पडेपर्यंत. मिशिगन विद्यापीठाचं ॲन आर्बरचं स्टेडियम १,०७,६०१ माणसांचं आहे. डेट्रॉईटच्या वाहन उद्योगात गेलेल्या आपल्या पिंपरी-चाकणच्या इंजिनिअरांची मुलं त्या गर्दीत निळे-पिवळे सदरे घालून ओरडत असतात. २०२३चा हंगाम मिशिगननं पंधरापैकी पंधरा सामने जिंकून संपवला. ८ जानेवारी २०२४ रोजी ह्यूस्टनमध्ये वॉशिंग्टन विद्यापीठाला ३४-१३ असं हरवून राष्ट्रीय विजेतेपद घेतलं. आणि यातल्या सहा सामन्यांना त्यांचा प्रशिक्षक जिम हार्बा निलंबित असल्यानं मैदानावर नव्हता! प्रतिस्पर्ध्यांच्या खाणाखुणा चोरल्याचं प्रकरण त्या वर्षी गाजत होतं. गावच्या जत्रेत भांडणही व्हायचंच.

जत्रा हाच शब्द मला बरोबर वाटतो. तिथला प्रेक्षक त्या कॉलेजात शिकलेला असतो, किंवा त्याचा बाप शिकलेला असतो, किंवा तो नुसता त्या गावात राहतो. २०२१पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर जाहिरातींचे पैसे घेता येतात, २०२५पासून कॉलेजं त्यांना थेट मोबदलाही देऊ लागली. शुद्ध हौस संपली म्हणून तिकडचे जुने लोक कुरकुरतात. पण शनिवारची गर्दी ओसरलेली नाही.

आपल्याकडे कॉलेजचा संघ म्हणजे विद्यापीठाच्या स्पर्धेचे तीन-चार दिवस, एसटीचा प्रवास, उधारीचे बूट आणि बक्षीस वितरणाचा फोटो. पाहायला कोण येतं? संघातल्याच राखीव मुलांखेरीज फारसं कोणी नाही. आपली गर्दी कॉलेजाच्या नव्हे, तालमी आणि मंडळांच्या मैदानावर जमते. खो-खोचे नियम १९१४ मध्ये पुण्याच्या डेक्कन जिमखान्यानं बांधले. कबड्डी, खो-खो, मल्लखांबाची प्रात्यक्षिकं १९३६च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी दाखवली ती अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळानं. फक्कीनं रेषा आखल्या की मैदान तयार. ना हेल्मेट, ना खांद्यांची पॅडं.

म्हणून दुसरा पुणेरी विजय पहिल्याशेजारी ठेवून बघण्यासारखा आहे. प्रो कबड्डी २६ जुलै २०१४ रोजी सुरू झाली, एलिट लीगनंतर दोनच वर्षांनी. तीही टीव्हीसाठीच बनवलेली, तिथंही पैसा मोठा. तिच्यामागच्या मशाल स्पोर्ट्सचे एक संस्थापक आनंद महिंद्रा, ज्यांच्या गाड्या आमच्या चाकणला बनतात. पुणेरी पलटण डिसेंबर २०२२च्या अंतिम सामन्यात जयपूरकडून हरली. पुढच्या हंगामात तिनं बावीस साखळी सामन्यांपैकी सतरा जिंकले, तीन बरोबरीत सोडवले, फक्त दोन गमावले, आणि १ मार्च २०२४ रोजी हैदराबादला हरियाणा स्टीलर्सना २८-२५ असं हरवलं. सामना याही वेळी परगावीच. पण कर्णधार नगर जिल्ह्याचा अस्लम इनामदार, आणि त्या रात्री आमच्या चौकातल्या चहाच्या टपरीवर उजवा कोपरा कोणी कसा राखला यावर अकरा वाजेपर्यंत वाद चालला होता. आप्पांनी तर पकडीची नक्कल करताना माझा चष्मा पाडला.

पुणे मराठाजचा विजय कमी मेहनतीचा होता, असं मी म्हणणार नाही. उलट अनोळखी खेळ शिकून जिंकणं अधिक कठीण. उणीव होती ती टपरीची. लीगवाल्यांनी प्रक्षेपण आधी पक्कं केलं, आणि त्या प्रक्षेपणासमोर बसणारा माणूस घडवायचं राहून गेलं. चार कॉलेजांत चार वर्षं हा चेंडू फिरू दिला असता, अकरा-अकरा मुलांच्या मित्रांनी आणि बहिणींनी कडेला उभं राहून गिल्ला केला असता, तर ६-०ची आठवण ठेवणारे आज पुण्यात सापडले असते.

यात एक उपकथानक मुंबईचं आहे. १६ ऑक्टोबर २०२३ रोजी आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या मुंबईतल्या अधिवेशनात २०२८च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकसाठी पाच खेळांना मान्यता मिळाली. क्रिकेट आलं म्हणून आपण पेढे वाटले. त्याच ठरावात फ्लॅग फुटबॉलही होता. बाजूला पाच खेळाडू, कमरेच्या पट्ट्याला दोन फिती; धावणाऱ्याची फीत ओढली की तो थांबला. अंगावर झेप घेणं नाही, म्हणून चिलखतही नाही. मुली आणि मुलगे दोघांच्या स्पर्धा होणार आहेत. आमच्या प्लॉटवरची मुलं खेळतात तेही हेच. फितींच्या जागी ते जुन्या ओढण्यांचे तुकडे कमरेला खोचतात.

१९९७ साली चऱ्होली पिंपरी-चिंचवड महापालिकेत आली, तेव्हापासून शेतांच्या सोसायट्या होताना बघतो आहोत. आमच्या प्लॉटवरही कधीतरी खोदकाम सुरू होईलच. तोवर रविवारी सकाळी सातला पत्र्याच्या फटीतून आत आलं की खेळ बघायला मिळतो. २०१२च्या त्या पुण्याच्या संघातलं कोणी हा अंक वाचत असेल, किंवा आपल्या ओळखीत असेल, तर त्यांनी एखाद्या रविवारी जरूर यावं. मुलांना तो अंतिम सामना जिंकणाऱ्याच्या तोंडून ऐकायचा आहे, आणि चहा आप्पांकडे आहे.