उंबरठा अरुंद का होतो

१८१७ साली लंडनच्या डॉ. जेम्स पार्किन्सनने ‘शेकिंग पाल्सी’वर, म्हणजे कंपवातावर, छोटेखानी निबंध लिहिला. त्याच्यापुढे अवघे सहा रुग्ण होते आणि त्यांतले काही तर त्याने रस्त्यातच हेरलेले. कंप, पुढे झुकलेलं अंग, चालता चालता धावत सुटणं, सगळं त्याने नेमकं टिपलं. मात्र सुरुवातीलाच ग्वाही देऊन टाकली की ज्ञानेंद्रियं आणि बुद्धी शाबूत राहतात. ही ग्वाही वैद्यकाला महागात पडली, असं माझं मत आहे. पुढे पॅरिसच्या शार्को या मेंदूविकारतज्ज्ञाने आजाराला पार्किन्सनचं नाव दिलं, बुद्धीवरही परिणाम होतो हे नोंदवलं; तरी कंपवात म्हणजे हातापायांचं दुखणं ही समजूत ढळली नाही. १९६०च्या सुमारास मेंदूतला डोपामिनचा तुटवडा सापडला, तो भरून काढणारं लेव्होडोपा हे औषध आलं, अंथरुणाला खिळलेली माणसं चालू लागली. एवढं यश पदरात पडल्यावर या माणसांना खोली कशी दिसते, हे कोण विचारणार?

त्या दिशेने आधी पाहिलं ते इंग्लंडच्या जेम्स पर्डन मार्टिनने. मेंदूज्वराच्या जुन्या साथीनंतर कंपवात जडलेले रुग्ण त्याच्या नजरेखाली होते. तोल जातोय हेच त्यांना उमगत नसे, त्यामुळे सावरणंही होत नसे. १९६७च्या पुस्तकात त्याने आणखी एक निरीक्षण नोंदवलं: जमिनीवर आडव्या रेषा आखल्या की अडलेले पाय उचलले जातात.

मेंदूविकारतज्ज्ञ ऑलिव्हर सॅक्सच्या १९८५च्या पुस्तकातला, कंपवात जडलेला ९३ वर्षांचा सुतार मला या सगळ्या इतिहासातला सर्वांत शहाणा माणूस वाटतो. आजोबा एका बाजूला कलून चालत, आणि आपण ताठ आहोत अशी त्यांची खात्री. चित्रफीत दाखवली तेव्हा ते चाट पडले. पण नुसते चाट पडून थांबले नाहीत. डोक्यातली पाणसळ बिघडली असेल तर ती बाहेर बसवावी, असा सरळ कारागिरी विचार त्यांनी केला. सॅक्सच्या मदतीने चष्म्यालाच छोटी पाणसळ जोडली गेली आणि सरावाने ते ताठ चालू लागले. बिघाड स्नायूंत नव्हता. आपलं शरीर जागेत कुठे आणि कसं आहे, ही जाण मेंदूत जुळून येत नव्हती.

प्रयोगशाळांनी हा धागा उशिराच उचलला. डोळ्याच्या पडद्यालाही डोपामिन लागतं, म्हणून कंपवातात करड्यावर करडं ओळखणं जड जातं, हे १९८०च्या दशकात स्पष्ट होत गेलं. वयाने नजर मंदावलेलीच असते, वर हे. जिन्याची शेवटची पायरी चुकते ती इथे.

मग दाराचा प्रश्न आला. घरातल्यांना तो केव्हाचा ठाऊक होता: आजी दिवाणखान्यात बरी चालते आणि उंबरठ्याशी पाय चिकटतात. २००१च्या एका अभ्यासात दिसलं की दारातून आपण मावू का, हा अंदाजच बिघडतो, आणि शरीराची कोणती बाजू जास्त ग्रासली आहे त्यावर तो कसा बिघडेल हे ठरतं. २०१०मध्ये मात्र मजा झाली. एका संशोधनाने पाय थिजण्यामागे जागेच्या आकलनाचा दोष असावा असं मांडलं. त्याच वर्षी दुसऱ्याने दाखवलं की रुग्ण दाराची रुंदी इतरांइतकीच बरोबर सांगतात, तरी अरुंद दाराशी त्यांची चाल अवाजवी मंदावते. मला दुसरं अधिक पटतं. माप बरोबर कळतं, पण ते पावलापर्यंत पोचताना वाढीव होऊन पोचतं. वाद मिटलेला नाही.

उपाय मात्र सिद्धांतासाठी खोळंबले नाहीत. मिलेहा सोनेजी या तरुण डिझायनरने पुण्यातल्या आपल्या काकांना पाहिलं: सपाट फरशीवर वॉकरशिवाय पाऊल पडेना, पण जिना सलग चढत. तिने पायऱ्यांचं आभासी चित्र कागदावर काढून फरशीवर पसरलं आणि काका त्यावरून न अडखळता चालत गेले. २०१५च्या टेडेक्स भाषणातून हे जगभर पोचलं.

चिकटपट्टीनेही काम भागतं, पण पट्ट्या वाटेला आडव्या, पावलाच्या अंतरावर आणि फरशीहून उठून दिसणाऱ्या रंगाच्या हव्यात. चालण्याच्या दिशेने उभ्या ओढल्या तर फारसा उपयोग नाही, हे मार्टिनने तेव्हाच पाहिलं होतं. दवाखान्यातली तपासणी अजूनही बोटं आपटायला लावते आणि मोकळ्या बोळात दहा पावलं चालवते. त्या बोळात दार नसतं.