शेवटचा बोल्ट पाण्यातच

१ जूनला पावसाळी मासेमारीबंदी सुरू झाली की हर्णै, मिरकरवाडा, करंजा अशा बंदरांत डागडुजीचा हंगाम सुरू होतो. फळ्यांच्या सांधी भरल्या जातात, रंग चढतो, इंजिन उघडले जाते. यातले एक काम मात्र किनाऱ्यावर पुरे होत नाही, ते म्हणजे इंजिन आणि पंख्याचा शाफ्ट एका रेषेत आणणे. जमिनीवर कितीही काटेकोर जुळवा, नौका पाण्यात गेली की रेषा हलते.

जमिनीवर नौकेचे वजन तळाखालच्या मोजक्या ठोकळ्यांवर असते. पाण्यात तिला तळभर आधार मिळतो, पण सगळीकडे सारखा नाही. मधला भाग रुंद, तिथे पाणी जास्त उचलून धरते. नाळ आणि पिछाडी निमुळती, तिथे कमी. त्यामुळे दोन्ही टोके किंचित खाली झुकतात. लाकडी नौकेच्या सुकलेल्या फळ्या पाणी पिऊन फुगतात. त्यात डिझेल, बर्फ आणि जाळ्यांचा भार पडतो. हे वाकणे डोळ्यांना दिसत नाही, पण शाफ्टला जाणवते.

पंखा पाणी मागे लोटतो, तेव्हा तेवढाच रेटा शाफ्टमधून पुढे येतो. गिअर बॉक्समधले थ्रस्ट बेअरिंग तो झेलते. तिथून तो इंजिनाच्या पायांत, पायांखालच्या बैठकीत आणि मग नौकेच्या सांगाड्यात उतरतो. म्हणजे इंजिनाचे पाय नुसते वजन पेलत नाहीत, सारी नौका त्यांच्यामार्फतच पुढे ढकलली जाते. म्हणून पाया भक्कम हवाच, पण तो योग्य जागीही हवा.

जुळवणीची सुरुवात पिछाडीकडून होते. पंख्याजवळचे रबरी बुश आणि शाफ्ट आत येतो तिथला पाणी अडवणारा ग्लँड यांनी शाफ्टची रेषा ठरलेली असते. आता इंजिनाने शाफ्टकडे यायचे, शाफ्टला इंजिनाकडे ओढायचे नाही. शाफ्टचे आतले मोकळे टोक स्वतःच्या आणि त्याला इंजिनाशी जोडणाऱ्या कपलिंगच्या वजनाने खाली लोंबते, म्हणून आधी त्याला टेकू देऊन खऱ्या उंचीवर आणावे लागते. मग कपलिंगच्या दोन तबकड्या बोल्ट न आवळता एकमेकींजवळ आणायच्या. एकीवरचा कंगोरा दुसरीच्या खाचेत अलगद बसला, तर दोन्हींची मध्यरेषा जुळली. पुढे फिलर गेजची पाती वर, खाली, डावीकडे आणि उजवीकडे सरकवून फट मोजायची.

तबकडीच्या व्यासाच्या दर इंचामागे एक थाऊ, म्हणजे इंचाचा हजारावा भाग, एवढाच फरक चालतो. चार इंची तबकडीला चार थाऊ, जेमतेम ०.१ मिलिमीटर. समजा खालची फट वरच्यापेक्षा एवढीच जास्त भरली. इंजिनाचे पुढचे आणि मागचे पाय एकमेकांपासून एक मीटरवर असतील, तर ती मिटवायला पुढचे पाय साधारण एक मिलिमीटरने खाली घ्यावे लागतील. म्हणजे पायांखालच्या शिमची एखादी पातळ पत्री काढायची.

पण पायांना हात लावण्याआधी एक परीक्षा करावी. शाफ्ट अर्धा फेरा फिरवून पुन्हा फट मोजायची. मोठी फट होती तिथेच राहिली, तर इंजिन हलवायचे. ती शाफ्टबरोबर फिरून दुसऱ्या बाजूला गेली, तर दोष शाफ्टच्या वाकण्यात किंवा तबकडीत आहे. इंजिन कितीही सरकवले तरी उपयोग नाही.

उरलेली फट बोल्ट आवळून मिटवण्याचा मोह होतो आणि फट मिटतेही. पण त्यानंतर प्रत्येक फेऱ्याला शाफ्ट थोडा वाकतो. इंजिन मिनिटाला १८०० फेरे घेत असेल आणि गिअर बॉक्स ते एकतृतीयांशावर आणत असेल, तर शाफ्ट तासाला ३६,००० वेळा वाकेल, दहा तासांत ३ लाख ६० हजार वेळा. एकदा वाकून काही न होणारा धातू लाखो वेळा वाकला की आतून चिरत जातो. १८४२ मध्ये फ्रान्समधल्या व्हर्सायच्या मार्गावर आगगाडीच्या इंजिनाचा आस मोडून भीषण अपघात झाला. पुढे प्रशियात ऑगस्ट व्योलर यांनी रेल्वेच्या आसांवर वर्षानुवर्षे प्रयोग करून धातूच्या या थकव्याचे नियम मांडले. शाफ्ट मोडण्याआधी इतर भाग कुरकुरतात. बुश एका बाजूने झिजते, ग्लँडमधून थेंबांची धार होते, ती थांबवायला ग्लँड आवळला की तो तापतो.

समुद्रापासून लांब राहणाऱ्या, पण कपलिंगवर पंप चालवलेल्या माणसालाही हे दुखणे नवे नाही. मोनोब्लॉक पंपाने मोटर आणि पंप एकाच शाफ्टवर बसवून ही जुळवणीच टाळली. होडीच्या पिछाडीला टांगलेले आउटबोर्ड इंजिनही पंखा सोबतच घेऊन येते. पण जड जाळे ओढायला मोठा, सावकाश फिरणारा पंखा लागतो. मोठ्या नौकेत इंजिन आत आणि पंखा बाहेर राहतो, आणि मधली रेषा माणसालाच जुळवावी लागते.

म्हणून किनाऱ्यावरची जुळवणी कच्चीच धरावी. नौका पाण्यात उतरवून काही दिवस मुरू द्यावी, टाक्या नेहमीइतक्या भराव्यात, मग कपलिंग पुन्हा उघडून चारही बाजू मोजाव्यात. इंजिन रबरी पायांवर असेल, तर रबर भाराने हळूहळू दबते, तेव्हा काही महिन्यांनी पुन्हा तपासावे. हंगामात धडधड वाढली, तर नवे बुश आणण्याआधी फिलर गेज काढावे. रेषाच चुकलेली असेल, तर नवे बुशही त्याच बाजूने झिजेल.