पीयूसीवरचा ०.२५ आणि बीएस-६ चा १ ग्रॅम: यांची तुलना का करू नये?

ऐकायला वेळ नसेल त्यांच्यासाठी हा एपिसोड लेखी.

माझा एक मित्र सेकंडहँड पेट्रोल कार घेत होता. बीएस-६, पीयूसी पास. कागदावर कार्बन मोनॉक्साइड ०.२५. गडी खूश! म्हणाला, "अरे, बीएस-६ ची मर्यादा किलोमीटरला १ ग्रॅम आहे ना? ही तर पाव भागच!" टोकन द्यायला निघालाच होता. मी म्हटलं, थांब जरा, युनिट बघ.

पीयूसीवरचा आकडा टक्क्यांत असतो. म्हणजे धुराच्या १०० भागांत हा वायू किती भाग, आकारमानाने. आयडलिंगला अशा गाडीची मर्यादा ०.३ टक्के. म्हणजे ही गाडी पाव भागावर नाही, अगदी काठावर होती.

आता रूपांतर बघू. टक्के ते पीपीएम सोपं: गुणिले १०,०००. ०.२५ टक्के म्हणजे २,५०० पीपीएम.

पीपीएमवरून वजनाकडे जायचं तर रेणुभार लागतो, कार्बन मोनॉक्साइडचा २८. २५ अंश सेल्सिअस आणि नेहमीच्या हवेच्या दाबाला एक मोल वायू २४.४५ लिटर जागा घेतो. म्हणून २,५०० × २८ ÷ २४.४५ = सुमारे २,८६० मिलिग्रॅम प्रति घनमीटर. शून्य अंशाला भागाकार २२.४ ने, उत्तर ३,१२५. धूर तोच, आकडा वेगळा! म्हणून तापमान न सांगता दिलेला आकडा अर्धवटच.

हायड्रोकार्बनची गंमत वेगळी. पीयूसी मशीन ते हेक्झेन धरून दाखवतं, आणि हेक्झेनमध्ये कार्बनचे ६ अणू. कार्बनच्या हिशेबात २०० पीपीएमचे १,२०० होतात.

मग ग्रॅम प्रति किमी कसं काढायचं? टक्क्यांत अंतरच नाही, त्यामुळे इंधनाचा आधार घ्यावा लागतो. लिटरभर पेट्रोल जळलं की साधारण २.३ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. मायलेज २० धरलं तर किलोमीटरला ११५ ग्रॅम. धुरात हा वायू १५ टक्के धरू. ०.२५ ÷ १५ × २८ ÷ ४४ × ११५ = साधारण १.२ ग्रॅम. पाव नाही, एकापेक्षा जास्त!

पण लगेच गाडीला नापास करू नका. पीयूसी उभ्या गाडीची टेस्ट, बीएस-६ चा आकडा लॅबमध्ये ठरलेल्या ड्राइव्ह सायकलवरचा. हा हिशेब फक्त अंदाज देतो, निकाल नाही.

कन्व्हर्टर ठणठणीत असेल तर गरम इंजिनला हा आकडा सहसा शून्याजवळ असतो. म्हणून मित्राला सांगितलं: गाडी नीट गरम करून परत टेस्ट कर, आकडा तसाच आला तर मेकॅनिकला कन्व्हर्टर आणि ऑक्सिजन सेन्सर बघायला लाव. टोकन त्यानंतर.

कोड असो की कार, आकडा वाचण्याआधी युनिट वाचा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!