स्वसंरक्षणाचे पिस्तूल : निवड आणि जबाबदारी

सोन्याचांदीची ने-आण करणारे सराफ, दिवसाची रोकड घेऊन रात्री घरी परतणारे पेट्रोलपंपचालक, गावापासून दूर मळ्यातील वस्तीवर राहणारे बागाईतदार अशा अनेकांना आपल्या जीविताच्या व मालमत्तेच्या रक्षणासाठी जवळ एखादे लहान शस्त्र असावे असे वाटते. यांपैकी काहींची निकड खरी असते. काहींच्या बाबतीत मात्र प्रतिष्ठेची हौस अधिक असते. असे लोक सल्ल्यासाठी प्रथम गावातील सरपंच, शिक्षक वा ग्रामसेवक यांच्याकडेच येतात. म्हणून या विषयाची यथार्थ माहिती या मंडळींना असणे अगत्याचे आहे.

कायद्याची चौकट

ब्रिटिश राजवटीतील १८७८ च्या शस्त्र कायद्याने भारतीयांवर परवान्याचे बंधन घातले. युरोपियनांना मात्र त्यातून मोकळीक होती. स्वातंत्र्यानंतर हा पक्षपाती कायदा जाऊन शस्त्र अधिनियम, १९५९ संमत झाला व १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलात आला. सध्या त्याखालील शस्त्र नियम, २०१६ लागू आहेत. शस्त्र बाळगणे हा घटनेने दिलेला मूलभूत हक्क नसून विहित अटींवर मिळणारी ती परवानगी आहे, हे तत्त्व या सर्व तरतुदींच्या मुळाशी आहे.

परवाना देण्याचा अधिकार जिल्ह्यात जिल्हा दंडाधिकाऱ्यांना आणि पोलीस आयुक्तालयाच्या क्षेत्रात पोलीस आयुक्तांना आहे. अर्जदाराने वयाची २१ वर्षे पूर्ण केलेली असावी लागतात. अर्ज आल्यावर संबंधित पोलीस ठाण्याकडून चौकशीचा अहवाल मागविला जातो. व्यवसाय, नोकरी वा अन्य कारणाने जीविताच्या अगर मालमत्तेच्या रक्षणाची खरीखुरी गरज आहे काय, हे पाहिले जाते. अर्जदाराजवळ पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येत नाही, ही तरतूद पुष्कळांना ठाऊक नसते. नकाराविरुद्ध कलम १८ अन्वये अपील करण्याची सोय आहे.

२०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीजवळ असू शकणाऱ्या अग्निशस्त्रांची संख्या तीनवरून दोनवर आणली, तर परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षांपर्यंत वाढविली. विनापरवाना अग्निशस्त्र बाळगल्यास दोन ते पाच वर्षे कारावास व दंड अशी शिक्षा आहे. स्वस्तात मिळणारा गावठी कट्टा हा म्हणूनच स्वस्त नसतो. तो कायद्याने तुरुंगात नेतो, आणि त्याची कच्ची नळी फुटल्यास बाळगणाऱ्याचाच हात निकामी करू शकते.

पिस्तूल की रिव्हॉल्व्हर?

परवाना मंजूर झाल्यावर निवडीचा प्रश्न येतो. येथे परदेशी चित्रपटांतून व मासिकांतून मिळालेली माहिती उपयोगी पडत नाही. इतर देशांत सर्रास वापरले जाणारे ९ मिलिमीटरचे पिस्तूल आपल्याकडे प्रतिबंधित बोअरमध्ये मोडते. सर्वसामान्य परवानाधारकाला अप्रतिबंधित बोअरचेच शस्त्र घेता येते आणि त्यात .३२ बोअरचा प्रसार मोठा आहे. शासकीय आयुध निर्माणींनी तयार केलेले 'अशनी' पिस्तूल, तसेच २०१४ मध्ये कानपूर येथील निर्माणीने आणलेले सुमारे ५०० ग्रॅम वजनाचे 'निर्भीक' रिव्हॉल्व्हर ही याच बोअरची शस्त्रे होत. आयुध निर्माणींचे २०२१ मध्ये सात सरकारी कंपन्यांत रूपांतर झाले असून काही खाजगी कारखान्यांनाही उत्पादनाचे परवाने मिळाले आहेत.

अर्धस्वयंचलित पिस्तुलाच्या मुठीत मॅगझिन बसते. त्यात काडतुसे एकावर एक रचलेली असतात. वरची स्लाइड मागे ओढून सोडली म्हणजे सर्वांत वरचे काडतूस नळीच्या मागील कोठडीत शिरते. चाप ओढताच गोळी सुटते. तिच्याच धक्क्याने स्लाइड मागे सरून रिकामे काडतूस बाहेर फेकते व पुढे येताना नवे काडतूस भरते. चाप एकदा ओढल्यास एकच गोळी सुटते, म्हणून ते 'अर्धस्वयंचलित'. रिव्हॉल्व्हरमध्ये मॅगझिनऐवजी फिरते चक्र असते आणि त्याच्या घरांत बहुधा सहा काडतुसे मावतात.

पिस्तूल चपटे असल्याने अंगावर सहज बाळगता येते व लवकर भरता येते. परंतु त्यात एक मोठा धोका आहे. मॅगझिन बाहेर काढले म्हणजे पिस्तूल रिकामे झाले, अशी नवख्या माणसाची समजूत होते. वस्तुतः कोठडीत गेलेले एक काडतूस तसेच राहते आणि शस्त्र साफ करताना वा कोणाला दाखविताना तेच प्राणघातक ठरते. म्हणून आधी मॅगझिन काढावे, मग स्लाइड मागे ओढून कोठडी डोळ्यांनी पाहावी व बोटाने चाचपावी, हा क्रम कधीही मोडू नये. रिव्हॉल्व्हरचे चक्र उघडताच सर्व घरे एकदम दिसतात. ज्याला नियमित सराव करणे शक्य नाही, त्याला रिव्हॉल्व्हरच अधिक सोयीचे.

दोन्ही शस्त्रे '.३२ बोअर'ची म्हटली जात असली तरी त्यांची काडतुसे एक नव्हेत. पिस्तुलाच्या काडतुसाचे नळकांडे सुमारे १७ मिलिमीटर, तर रिव्हॉल्व्हरचे सुमारे २३ मिलिमीटर लांबीचे असते. खरेदीच्या वेळी शस्त्राचा प्रकार स्पष्ट सांगून काडतुसे घ्यावीत.

लहान म्हणजे सोयीचे नव्हे

रोज जवळ बाळगायचे शस्त्र जितके लहान व हलके तितके बरे, असा समज आहे. तो अर्धाच खरा आहे. हलक्या शस्त्राचा झटका हाताला अधिक बसतो. नळी आखूड झाली की नेम धरण्याच्या दोन खुणांमधील अंतर घटते आणि नेम चुकण्याचा संभव वाढतो. मूठ फार लहान असेल तर बोटांना पकड मिळत नाही. म्हणून विक्रेत्याकडे शस्त्र रिकामे असल्याची खात्री करून ते हातात धरून पाहावे. तिन्ही बोटे मुठीवर नीट बसतात काय, चापापर्यंत बोट सहज पोहोचते काय, स्लाइड स्वतःच्या बळाने पूर्ण मागे ओढता येते काय, सुरक्षेचा खटका अंगठ्याने विनासायास हलतो काय, हे तपासावे. वयस्कर व्यक्तींना स्लाइडची कमान पुष्कळदा जड जाते. किंमत व झळाळी यांचा विचार त्यानंतर करावा.

अंगावर बाळगताना चाप पूर्ण झाकणारे, घट्ट बसणारे होल्स्टर आवश्यक आहे. किल्ल्या व नाणी असलेल्या खिशात वा मोकळ्या पिशवीत पिस्तूल ठेवणे धोक्याचे आहे. सार्वजनिक ठिकाणी शस्त्र झाकलेलेच असावे, ते उगारू वा मिरवू नये, असे नियमांचे बंधन आहे. दंडाधिकाऱ्यांची खास परवानगी नसल्यास जत्रा, धार्मिक मिरवणूक, सार्वजनिक सभा आणि शिक्षणसंस्थेचे आवार येथे शस्त्र नेता येत नाही. शाळेच्या स्नेहसंमेलनाला येणारा प्रतिष्ठित पाहुणाही या नियमाला अपवाद नाही, हे मुख्याध्यापकांनी ध्यानी ठेवावे. लग्नाच्या वरातीत हवेत बार काढण्याच्या प्रथेलाही २०१९ च्या दुरुस्तीने चाप लावला आहे. निष्काळजीपणाने वा आनंदोत्सवात गोळीबार करून इतरांचा जीव धोक्यात घालणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कारावास, एक लाख रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

घरात आणि गावात

शस्त्राचा वापर करण्याची वेळ क्वचितच येते. ते घरात मात्र रोज असते. उशीखाली वा कपाटातील कपड्यांच्या घडीत ठेवलेले पिस्तूल चोराच्या आधी घरातील मुलाच्या हाती लागते. कौटुंबिक कलहात वा नैराश्याच्या क्षणी तेच शस्त्र घराचा घात करते. ते कुलूपबंद लोखंडी पेटीत व काडतुसे वेगळ्या ठिकाणी ठेवणे हाच उपाय होय. नियमांत सुरक्षित साठवणुकीची हमी व शस्त्र-सुरक्षा प्रशिक्षण यांची तरतूद याचसाठी केली आहे. कोकणासारख्या दमट प्रदेशात गंज चढू नये म्हणून शस्त्र वेळोवेळी पुसून त्याला हलके तेल लावावे लागते.

आत्मसंरक्षणाचा हक्कही अमर्याद नाही. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये तो सांगितला आहे. पोलिसांची मदत घेण्यास अवसर असेल तेथे तो उपलब्ध नसतो आणि संरक्षणास आवश्यक त्याहून अधिक इजा करता येत नाही. पळून जाणाऱ्या भुरट्या चोरावर गोळी झाडणारा परवानाधारक स्वतःच आरोपी होऊ शकतो.

पंचायत सदस्यांना आणखी दोन बाबतींत मार्गदर्शन करता येईल. निवडणुकीच्या काळात छाननी समितीच्या निर्णयानुसार शस्त्र जमा करण्याचा आदेश आल्यास ते मुदतीत पोलीस ठाण्यात द्यावे व पावती घ्यावी. परवानाधारक मरण पावल्यास त्याचा परवाना वारसांच्या नावे आपोआप होत नाही. वडिलांची आठवण म्हणून पिस्तूल घरात ठेवणारा मुलगा नकळत गुन्हा करीत असतो. शस्त्र ताबडतोब पोलीस ठाण्यात वा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून वारसाने रीतसर अर्ज करणे हा योग्य मार्ग आहे. शस्त्र हरवल्यास वा चोरीस गेल्यासही विनाविलंब पोलिसांना कळवावे.

दाराची भक्कम कडी, अंगणातील दिवा, रोकड नेण्याच्या वेळा बदलणे, बँकेचा वापर, ग्रामसुरक्षा दल आणि जागरूक शेजार यांनी पुष्कळशी भीती दूर होते. सल्ला विचारणाऱ्याला प्रथम हे उपाय सांगावेत. ते पुरेसे नाहीत आणि धोका खरा आहे अशी खात्री झाल्यावरच शस्त्राचा विचार व्हावा. मग ज्याचा सराव ठेवता येईल, जे कुलपात ठेवता येईल आणि ज्याच्या प्रत्येक काडतुसाचा हिशेब देता येईल, असेच शस्त्र निवडणे घराच्या व गावाच्या हिताचे ठरेल.