चोपड्याहून मुंबई किती दूर?

चोपड्याच्या एखाद्या घरांतील वडील माणसास परळच्या टाटा रुग्णालयांत सकाळीं ठराविक वेळीं हजर व्हावयाचें असलें, म्हणजे घरांत वाद सुरू होतो. मुलगा म्हणतो, जळगांवाहून विमानानें नेऊं, तासाभराचें काम. आई म्हणते, रात्रीची गाडी बरी. कोणाचें खरें, हें ठरविण्यापूर्वीं अंतर कशास म्हणावयाचें तें पाहिलें पाहिजे.

जळगांव-मुंबई अंतर लोहमार्गानें ४२० किलोमीटर भरतें; आकाशमार्गानें तेंच सुमारें ३५५. मधले ६५ किलोमीटर गेले कोठें? आगगाडीस चाळीसगांव, मनमाड, नाशिक अशीं गांवें गांठीत यावें लागतें आणि इगतपुरीपुढें थळ घाट उतरावा लागतो. त्या घाटाचा चढ ३७ फुटांस १ फूट, म्हणून मुंबईकडून येणाऱ्या गाडीस जादा एंजिनें जोडतात. विमानास ना घाट, ना मनमाड. खुद्द चोपड्याचेंहि तसेंच आहे. पक्ष्याच्या वाटेनें जळगांव तेथून चाळीस किलोमीटरांच्या आंत. पण मध्यें तापी आडवी, पुलाची वाट धरणें भाग, म्हणून रस्ता पन्नासाच्या घरांत जातो.

लांबच्या प्रवासांत आणखी एक गंमत आहे. पृथ्वी गोल असल्यामुळें सपाट नकाशावरील सरळ रेघ हा जवळचा मार्ग नव्हे. घरांत पृथ्वीचा गोल असल्यास मुंबई व न्यूयॉर्क यांवर दोरा ताणून पाहावा. तो उत्तरेकडे बराच झुकतो. वैमानिक मोजतात तो सागरी मैलहि या गोलावरूनच घेतलेला आहे : अक्षांशाच्या अंशाचा साठावा भाग, म्हणजे १८५२ मीटर. तशांत वरच्या थरांतील वारे पश्चिमेकडून वाहतात, म्हणून मुंबईहून लंडनास जातांना परतीपेक्षां अधिक वेळ लागतो. जळगांवच्या प्रवासांत हा फरक नाममात्रच.

आतां वेळेचा हिशेब. पंख्याचें लहान प्रवासी विमान ताशीं सुमारें ५०० किलोमीटर जातें. त्या मानानें ३५५ किलोमीटरांस पाऊण तासहि नको. तरी वेळापत्रकांत सव्वा तासाच्या आसपास धरतात, कारण तो वेळ विमान जागचें हललें तेथपासून मुक्कामीं थांबेपर्यंतचा असतो. चढण्यांत व उतरण्यांत वेग कमी, आणि मुंबईवर गर्दी असली तर आकाशांतच घिरट्या.

पण चोपड्याच्या माणसास एवढ्यानें भागत नाहीं. जळगांवचें विमानतळ शहराच्या पलीकडच्या अंगास. तेथें पोंचण्यास दीड तास, सुटण्यापूर्वीं तासभर हजेरी, वर सव्वा तास, आणि सामान घेऊन परळ गांठण्यास आणखी दीड. एकूण सवापांच तास झाले. जलद गाडीनें जळगांवपुढें सहा-सात तास. चोपड्यापासूनचा रस्ता आणि फलाटावरची वाट पाहणें मिळवून नऊ. वांचले ते पावणेचार तास, मुलाच्या अंदाजाहून बरेच कमी. शिवाय रात्रीची गाडी झोंपेचा वेळ घेते आणि दादरास, म्हणजे परळच्या शेजारीं, उतरविते.

ज्यास फार वेळ बसवत किंवा धक्के सोसवत नाहींत, अशा रोग्यास मात्र ते पावणेचार तास मोलाचे. जळगांवचें विमानतळ २०१२ सालीं खुलें झालें व मुंबईची नियमित सेवा डिसेंबर २०१७ मध्यें सुरू झाली. पुढें तिच्यांत खंड पडत गेले. म्हणून त्या वारीं विमान आहे कीं नाहीं याची चौकशी आधीं करावी, आणि जावयाचें तें आदल्या दिवशींच जावें.