गटाच्या ट्रॅक्टरला दुसरं इंजिन बसवताय?

ताईंनो, सोयगाव भागात कपाशीच्या ओळीत छोटा ट्रॅक्टर कामाला येतो. गटाचा ट्रॅक्टर जुना झाला, धूर ओकू लागला की मेस्त्री म्हणतो, "दुसरं डिझेल इंजिन टाका." पैसा गटाचा आहे, घाई नको. आधी नोझल किंवा पिस्टन-रिंग बदलून भागतं का, ते विचारा.

इंजिन बदलायचंच ठरलं तर हे बघा :

१) हॉर्सपॉवर आणि आरपीएम जुन्याइतकेच घ्या. १५ हॉर्सपॉवरच्या गाडीत २० चं टाकलं तर जादा जोर क्लच-गिअरबॉक्सवर येतो.

२) बोल्टची भोकं, शाफ्टची उंची, फिरायची दिशा जुळवून बघा. दिशा उलटी असली तर पुढचा गिअर गाडी मागे नेईल!

३) डिझेल टाकी धुवा, फिल्टर नवा टाका, लाइनमधली हवा काढा. नाहीतर नव्या इंजिनातही जुना कचरा जातो.

४) इंजिन नंबर आरसी बुकात असतो. कामाआधीच आरटीओत विचारा, मग नवा नंबर नोंदवा आणि विमा कंपनीला कळवा. नोंद नसली तर अपघातानंतर भरपाई अडू शकते.

दोन कोटेशन घ्या, बैठकीत ठराव करा, इंजिन नंबर लिहिलेलं पक्कं बिल गटाच्या फाइलला लावा.